सुताच्या फळ्यावर चंद्र: जुलै ते ऑक्टोबर २०२३ च्या नोंदी

९ जुलै २०२३, रविवार

माळ्यावरून फळा खाली काढला. चार फूट बाय अडीच, सागवानी चौकट, उजवा कोपरा वाळवीनं खाल्लेला. वडील यावर रोज सकाळी सुताचे भाव लिहायचे. कारखानदार सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून भाव वाचायचे आणि पुढं जायचे. सुताचा धंदा गेला, दुकानात झेरॉक्स मशीन आलं आणि फळा माळ्यावर गेला.

शुक्रवारी चंद्रयान-३ उडणार आहे. गेले आठ दिवस आधार कार्डाच्या झेरॉक्सला आलेला माणूससुद्धा विचारतोय, "काय ओ, या टायमाला उतरतंय का?" माझ्या टेबलामागं शनीचं चित्र असलेलं कॅलेंडर आहे. एवढ्यावरून गल्लीनं मला जाणकार ठरवलंय. मी बी.कॉम. आहे.

काम असं ठरवलं: दुकानाबाहेर फळा लावायचा आणि रोज आभाळातली एक बातमी तीन ओळींत लिहायची. अक्षर रस्त्यापलीकडं मशीनवर बसलेल्या टेलर मास्तरांना चष्म्याशिवाय वाचता यावं. तिसरी ओळ कायम 'आज रात्री काय दिसेल' याची. वडिलांचा एक नियम तसाच ठेवतोय: खात्री नसलेला भाव लिहायचा नाही, जागा कोरी सोडायची.

११ जुलै, मंगळवार

दोन दिवस वाया. घरात उरलेला काळा ऑइलपेंट फळ्याला मारला. चमकला झकास, पण खडू त्यावर नुसता घसरतो. शाळेत आम्ही कोळसा आणि पाला वाटून फळा काळा करायचो, तो बरा होता. पॉलिश पेपरनं सगळा घासून काढला, फळ्याचा म्हणून वेगळा रंग मिळतो तो आणला, दोन हात दिले. उन्हात ठेवला तर पावसाची भुरभुर आली. परत आत.

१४ जुलै, शुक्रवार

पहिला फळा. 'आज दुपारी २.३५. श्रीहरिकोटा. चंद्रयान-३.' तिसरी ओळ: 'ढग आहेत. काही दिसणार नाही.'

मास्तर म्हणाले, दिसणार नाही तर लिहिलं कशाला? मी म्हटलं, नियम आहे.

दुकानात एका मोबाइलभोवती बारा डोकी. रॉकेटचं वजन ६४० टन, उंची ४३.५ मीटर असं मी सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं. बरोबरच होतं. जाळ दिसला तसे सगळे गप्प. समोरच्या कारखान्यातल्या मागांची खडखड तेवढी चालू होती. सोळा-एक मिनिटांनी यान रॉकेटपासून सुटलं, टाळ्या झाल्या. चहावाले अण्णा म्हणाले, "चला, निम्मं काम झालं." निम्मं कसलं! ते आता पृथ्वीभोवती लांबट फेरीत आहे, जवळचं टोक १७० किलोमीटरवर आणि लांबचं साडेछत्तीस हजारांवर. चंद्र पावणेचार लाखांच्या पुढं. पण अण्णांचा चहा फुकट होता, म्हणून बोललो नाही.

१८ जुलै, मंगळवार

आजपासून धोंड्याचा महिना. विडीचा माल जमा करून परत जाताना अक्का रोज फळ्यापाशी थांबतात. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, बोटानं एकेक अक्षर लावतात, पण पूर्ण वाचतात. आज वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ते यान राहू दे. या वर्षी श्रावण दोनदा का, ते लिही की."

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस मागं पडतात. तसंच चालू दिलं तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा घालून हिशेब जुळवायचा. वडील याला 'किर्दीत फरकाची रक्कम टाकणं' म्हणाले असते.

तीन ओळींत बसेना. पाच झाल्या. आजवरची सर्वांत जास्त गर्दी या फळ्याला. जावयाला अनारसे कधी द्यायचे, यावरून सुरू झालेली चर्चा इसवी सनाचं लीप वर्ष आणि रमजान दर वर्षी अलीकडं का येतो इथवर गेली. बॅटरीवाले चाचा म्हणाले, "आमच्यात जादा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान सगळे ऋतू फिरतो." एका वाक्यात संपवलं त्यांनी. मला पाच ओळी लागल्या होत्या.

२४ जुलै, सोमवार

आठवडाभर एकच प्रश्न: अमेरिकेचे लोक १९६९ साली चार दिवसांत चंद्रावर पोचले, आपल्याला चाळीस दिवस का? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी शरम असते. ती मला आवडत नाही.

फळ्यावर झोका काढला. पंचमीला मुली झोका चढवतात तेव्हा एका दमात आभाळाला नेत नाहीत. झोका खाली आला की तिथं जोर द्यायचा, मग पुढची फेरी उंच. यान पृथ्वीच्या अगदी जवळ येतं तेव्हाच इंजिन थोडा वेळ पेटवतात, लांबचं टोक आणखी लांब जातं. असं पाच वेळा. मोठं रॉकेट असतं तर एकदम फेकलं असतं. आपलं रॉकेट त्या मानानं लहान, इंधन मोजकं, म्हणून झोका.

माझी आठवीतली भाची म्हणाली, "मामा, झोक्याची दोरी कुठाय?" मी म्हटलं, गुरुत्वाकर्षण. "मग दोरी काढा ना चित्रात." काढली.

२ ऑगस्ट, बुधवार

शून्य सावलीचा दिवस. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेसतरा अंशांच्या थोडं वर. त्यामुळं वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा आत्ता. मे महिन्यात ऊन खात्रीचं, पण दुपारी रस्त्यावर उभं राहील कोण? ऑगस्टात उभं राहायला माणसं असतात, ऊन नसतं.

वेळ काढली १२.३३. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला, सुमारे ७५.९ वर. तिथं सव्वीस मिनिटं गेली. बाकीची सहा या दिवसांत सूर्यच उशिरा येतो म्हणून.

मी सुताचा रिकामा कोन, म्हणजे सूत गुंडाळायची नळी, रस्त्यावर उभा केला. सव्वाबारालाच लोक ओरडले, सावली गेली! माझं तोंड पडलं, गणित चुकलं वाटलं. मास्तर रस्ता ओलांडून आले, कोन उचलून डोळ्यासमोर धरला आणि म्हणाले, "अहो, हा खाली रुंद, वर निमुळता. याची सावली याच्याच घेरात पडणार. सरळ काहीतरी आणा." आयुष्यभर कापडाचा घेर मोजलेला माणूस. मी बी.कॉम. मग नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा आणला. तेवढ्यात ढग. १२.३६ ला चार-पाच मिनिटं ऊन पडलं तेव्हा पाइपाला सावली जवळपास नव्हती. बाजूला उभी स्कूटर, तिची सावली पोटाखाली. एका पोरानं स्वतःची सावली शोधायला गोल गिरकी घेतली.

हजर: चौदा माणसं, एक कुत्रं.

५ ऑगस्ट, शनिवार

यान संध्याकाळी चंद्राच्या कक्षेत गेलं. फळा बदलायला रात्री आठला परत दुकान उघडावं लागलं. बाकी काही नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

काल विक्रम लँडर मोठ्या भागापासून वेगळा झाला. आता एकटा उतरणार. पण आजची नोंद त्याची नाही.

भाचीच्या बाबांची दुर्बीण आली आहे. ७० मिलिमीटर भिंग, दोन नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं. एकीतून २८ पट दिसतं, दुसरीतून ७० पट. तिपाई इतकी हलकी की कुणी शेजारून चाललं तरी तारा नाचतो. तिपाईच्या मधोमध पाच किलो ज्वारीची पिशवी टांगली, तेव्हा जरा शांत झाली.

आभाळ तर आठवडाभर धुतल्यासारखं. उत्साहात फळ्यावर लिहिलं: 'आकाश स्वच्छ. उत्तम संधी.'

दुपारी एक गृहस्थ सात-बाराच्या झेरॉक्सला आले. दक्षिण सोलापूर तालुक्यातले. फळा वाचला, कागद घेतले, पैसे दिले. जाताना म्हणाले, "आभाळ स्वच्छ हाय म्हणून खूश होऊ नका, मालक. आमची तूर माना टाकायलीय." आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. ऑगस्ट अर्धा संपला आणि पाऊस नाही. उजनी धरण भरायची चिन्हं नाहीत.

ओळ पुसली. 'रात्री नऊला गच्चीवर दुर्बीण' एवढंच ठेवलं. पुढच्या कामासाठी टीप: आभाळाबद्दल 'उत्तम' आणि 'खराब' हे शब्द फळ्यावर नकोत.

२० ऑगस्ट, रविवार

रशियाचं लूना-२५ काल चंद्रावर आदळलं. १९७६ च्या लूना-२४ नंतरची त्यांची ही पहिलीच चांद्रमोहीम. सकाळपासून जो येतो तो हसतोय. "मधे घुसायला गेले, पडले तोंडावर." एका पोरानं मी लिहिलेल्या ओळीखाली बोटानं 'हा हा' लिहिलं, ते पुसलं.

२०१९ च्या ७ सप्टेंबरला चंद्रयान-२ उतरत होतं, पहाटे दोनच्या सुमाराला मी जागा होतो. पडद्यावरची हिरवी रेघ आखलेल्या रेघेवरून सरकली आणि थांबली. जमिनीपासून दोन-सव्वादोन किलोमीटरवर संपर्क तुटला. त्या दिवशी आपल्याला कुणी हसलं असतं तर? असो. बातमी कोरडी लिहिली.

संध्याकाळी अण्णांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, बहुतेक मुद्दामच. "चंद्रावर पाणी शोधायलेत. आमच्या नळाला पाच दिवसाआड येतंय, ते कोण शोधायचं?" सगळे हसले, मीही. मग सांगितलं, की चंद्रावर पाण्याचे अंश आहेत हे २००८ साली गेलेल्या आपल्या पहिल्या चंद्रयानावरच्या उपकरणामुळं पुढच्या वर्षी जाहीर झालं. उपकरण नासाचं होतं, यान आपलं. अण्णा म्हणाले, "बघ की. तिकडं पाइपलाइनसुद्धा दोघांची भागीदारीत."

खर्चावरही ते अडले. या मोहिमेला ६१५ कोटींच्या आसपास खर्च. मी १४० कोटी लोकांनी भागलं. माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. अण्णांचा कटिंग दहाला आहे. त्यावर ते म्हणाले, साडेचारमध्ये चंद्रावर जाता येतं तर मी दहा घेऊन काय करतोय?

२३ ऑगस्ट, बुधवार (रात्री साडेअकरा)

हात अजून थरथरतोय, पण आजच लिहून टाकतो.

सकाळी फळ्यावर दोनच ओळी: 'आज संध्याकाळी ६.०४. विक्रम.' तिसरी कोरी. जो तो विचारत होता, खाली का लिहिलं नाही? मी म्हटलं, भाव आल्यावर लिहितो. वडिलांना ओळखणारे एक जुने कारखानदार तेवढे हसले.

दुकानातला मोठा मॉनिटर बाहेर खोक्यांवर ठेवला, यूट्यूब लावलं. साडेपाचपर्यंत रस्ता बंद. विडीवाल्या अक्का आणि त्यांच्या सोबतच्या सात-आठ जणी सुपं घेऊनच पायऱ्यांवर बसल्या होत्या, हात चालू, नजर वर. समोरच्या कारखान्याच्या मालकानं माग बंद केले. ही गल्ली मी दिवसाउजेडी इतकी शांत कधी ऐकली नव्हती. खडखड थांबली की कानात शिट्टीसारखं वाजतं.

पावणेसहाला उतरणं सुरू झालं. ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर वेगानं. एवढा वेग वीस मिनिटांत शून्यावर आणायचा, तोही माणसाचा हात न लागता. तिथं हवा नाही, म्हणून पॅराशूट नाही, इंजिनाच्या उलट्या जोरावरच सगळं. मी हे मोठ्यानं सांगत होतो. मास्तर म्हणाले, "आता गप्प बसा."

सहा वाजता आमचं चित्र अडकलं. गोल फिरायला लागलं. कुणी म्हणालं वायफाय बंद करून चालू कर, कुणी म्हणालं हात लावू नको. सुटलं एकदाचं. हिरवी रेघ परत चालायला लागली. उंची शंभर-दीडशे मीटर दाखवत होती, आणि तेवढ्यात मागच्या गल्लीत ओरडा झाला. फटाके. त्यांच्याकडं डिशवर दूरदर्शन होतं. आमचं यान अजून हवेत, त्यांचं उतरलेलं!

मग जे झालं ते नीट सांगता येत नाही. कळलं होतं सगळ्यांना, पण पडद्यावर अजून व्हायचं होतं. कुणी ओरडलं नाही. ऐंशी-नव्वद माणसं तोंड मिटून, हसू दाबून पडद्याकडं बघत उभी, पाहुण्याला आधीच बघितलंय आणि तरी दार वाजायची वाट बघायची तशी. तीसेक सेकंद गेले असतील. मग आमचंही उतरलं, आणि मग जे ओरडले!

चंद्रावरून निघालेला संदेश इथं यायला १.३ सेकंद लागतात. बंगळुरूहून आमच्या गल्लीत यायला त्याला तीस लागले.

मी खडू घेतला, तिसरी ओळ लिहायला गेलो. भाची म्हणाली, "मामा, 'दक्षिण ध्रुवावर' लिहू नका हं." मी तेच लिहिणार होतो, दिवसभर टीव्हीवर तेच चाललं होतं. उतरलंय ते ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरवर. 'दक्षिण ध्रुवाजवळ' लिहिलं. इतक्या दक्षिणेला आजवर कुणी उतरलेलं नाही, तेही लिहिलं. ओळ चौकटीबाहेर गेली.

सात वाजता मान वर केली तर अर्धा चंद्र समोरच होता. इतका वेळ सगळे पडद्यात बघत होते! दुर्बीण रस्त्यातच लावली, ज्वारीच्या पिशवीसकट. खालच्या बाजूला, अंधाराच्या रेघेच्या थोडं उजेडाकडं, तिथं नुकती सकाळ झाली आहे असं सांगितलं. सकाळ बघूनच उतरवलंय, कारण तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि यंत्रं उन्हावर चालणारी. प्रत्येकाचा प्रश्न एकच: विक्रम दिसतो का? नाही. या भिंगातून साडेतीन-चार किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही. म्हणजे कन्ना चौकापासून रेल्वे स्टेशनपर्यंतचं सगळं सोलापूर तिथं ठेवलं तर एक ठिपका.

"चालतंय," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा रांगेत मागं जाऊन उभ्या राहिल्या.

यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते म्हणे. त्यातला आमचा एक.

२७ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून अकरा जणांनी तोच मेसेज दाखवला: आज रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आभाळात दोन चंद्र. हा मेसेज वीस वर्षांचा म्हातारा आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच फार जवळ आला होता, साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पुढं. तेव्हाही तो ठिपकाच होता. या वर्षी तर तो संध्याकाळी पश्चिमेला इतका खाली की सापडणं मुश्कील. फळ्यावर लिहिलं: 'दोन चंद्र नाहीत. पण आज शनी सूर्याच्या बरोबर समोर, रात्रभर दिसेल. गच्चीवर या.'

हे लिहिताना शनीचं नाव घेतोय हे लक्षात आलं नाही. निम्मी गल्ली आलीच नाही. एक काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "त्याची नजर आपल्यावर पडू नये म्हणतात. आपली त्याच्यावर पडली तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, एकशे तीस कोटी किलोमीटरवर आहे, आपण बघतोय हे त्याला कळायलाच तासापेक्षा जास्त लागेल, तोवर तुम्ही घरी पोचाल. त्या आल्या.

मास्तरांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "काजात अडकलेलं बटण," म्हणाले. कडं सध्या थोडंसंच कललेलं आहे, त्यामुळं खरंच तसं दिसतं.

२८ ऑगस्ट, सोमवार

इस्रोनं काल चंद्राच्या मातीचं तापमान जाहीर केलं. पृष्ठभागावर पन्नास-साठ अंशांच्या वर, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. लोकांना वाटलं मी चुकून लिहिलंय. "वीतभर पण नाही ओ, एवढा फरक?"

जुन्या कारखानदारांनी सोडवलं. ते माळवदाच्या घरात वाढलेले. लाकडी वासे, वर फूटभर पांढरी माती. मे महिन्यात वर पाय ठेवता येत नाही आणि आत बसलं की अंगावर पंचा घ्यावा वाटतो. माती उष्णता आत सोडतच नाही. चंद्रावरची माती तर मैद्यासारखी बारीक आणि मधे हवासुद्धा नाही. म्हणजे चंद्र म्हणजे एक मोठं माळवद आहे. हे वाक्य फळ्यावरून पुसायला हात होईना.

३० ऑगस्ट, बुधवार

नारळी पौर्णिमा. मार्कंडेय रथाच्या मिरवणुकीचा दिवस, शहराच्या पूर्व भागात पाय ठेवायला जागा नाही. दुकान बंद, फळा आत. चंद्र या वर्षीचा सर्वांत मोठा होता. रथापुढं नाचणाऱ्यांना ते सांगायची गरज नव्हती.

२ सप्टेंबर, शनिवार

सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य एल-१ सकाळी ११.५० ला गेलं. पंधरा लाख किलोमीटर जाणार, चार महिने लागणार. फळा वाचून एक पोरगा म्हणाला, म्हणजे सूर्याच्या किती जवळ? सूर्य पंधरा कोटींवर, म्हणजे वाटेचा शंभरावा भाग. पुण्याला निघालो आणि स्टेशनापर्यंत पोचलो. "मग एवढ्यासाठी कशाला गेले?" पृथ्वीची सावली मधे न येता चोवीस तास सूर्य दिसावा म्हणून. पोराचं समाधान झालं नाही. माझ्या उत्तरात काहीतरी कमी होतं, काय ते अजून सापडलेलं नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

विक्रम आणि त्याच्यातून उतरलेली छोटी गाडी प्रज्ञान, दोघांना या महिन्याच्या सुरुवातीला झोपवलं. आता तिथं परत ऊन आलंय, पण हाकेला उत्तर नाही. गणपती बसलेत, प्रत्येक दुसऱ्या मंडळात थर्माकोलचं चंद्रयान आहे आणि दिवे लावून जागं ठेवलंय. फळ्यावर लिहिलं, 'विक्रमला हाक मारणं सुरू.' खाली कोरी जागा सोडली.

अक्का रोज येतात, कोरी जागा बघतात आणि जातात.

१ ऑक्टोबर, रविवार

जागा अजून कोरी. यंत्रं चौदा दिवसांसाठीच केलेली होती, त्यांनी ते पुरं केलं, असं मी सगळ्यांना सांगतो. आज ती ओळ पुसून गुरूबद्दल लिहिलं. रात्री पूर्वेला सर्वांत ठळक तो, दुर्बिणीतून त्याचे चार चंद्र एका रेषेत. मास्तर: "विक्रमचं काय झालं ते लिहिलं नाही?" कळलं नाही म्हणून लिहिलं नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार (संपवताना रविवार पहाट)

कोजागरी आणि चंद्रग्रहण एकाच रात्री. पंधरा दिवसांपासून गल्लीत दुधावरून दोन तट. वेध दुपारपासून लागणार, मग मसाला दूध प्यायचं कधी? फळ्यावर मी फक्त वेळा लिहिल्या: रात्री १.०५ ला सुरू, १.४४ ला सर्वांत जास्त, २.२४ ला संपणार. दुधाचं ज्यानं त्यानं ठरवावं.

आईनं वेध पाळले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दुपारनंतर पाणीसुद्धा नाही. पण रात्री एकला गच्चीवर सगळ्यात पुढं तीच. "खायचं नाही म्हटलंय, बघायचं नाही असं कुठं म्हटलंय?" खरं तर तसंही म्हणतात, पण तिला आठवण करून द्यायला मी वेडा नाही.

अकरापासून माणसं यायला लागली, एकला चाळीसच्या पुढं. अण्णांनी पातेलं आणलं होतं, झाकण लावून बाजूला. पिणारे जिन्यात जाऊन पीत होते. चंद्राशेजारी गुरू, तो दाखवत वेळ काढला. साडेअकरापासून चंद्रावर विरळ छाया आलेली असते, ती कुणाला कळत नाही. मलाही कळली नाही.

१.०५ ला खालच्या कडेला काळं लागलं. पावणेदोनपर्यंत वाढलं आणि थांबलं. बाराच टक्के. "एवढंच?" मागून दोन-तीन आवाज. मी ओशाळलो, जणू मीच कमी वाढलंय. पण भाचीनं दुर्बीण धरून ठेवली होती आणि प्रत्येकाला सांगत होती, सावलीची कड बघा, सरळ नाही, वाकडी आहे. ती आपली सावली. त्या सावलीत सोलापूर पण आहे.

ज्यांनी आधी 'एवढंच' म्हटलं होतं ते परत रांगेत उभे राहिले.

अडीचला सुटलं. आईनं आंघोळ केली आणि एक पेला दूध घेतलं. अण्णांचं पातेलं रिकामं. ज्वारीची पिशवी फाटून गच्चीभर दाणे, ते वेचायला अक्का आणि सोबतच्या बायका बसल्या.

"आता पूर्ण काळं होणारं कधी?" अक्कांनी दाणे वेचता वेचता विचारलं.

इथून दिसणारं खग्रास ७ सप्टेंबर २०२५ ला. रात्री अकरापासून दीड तासाच्या आसपास पूर्ण चंद्र तांबडा. नीट मोजलं तर ८२ मिनिटं.

"लिहून ठेव."

सप्टेंबर आहे, मी म्हटलं. पावसाळा. ढग असतील.

"ते तुला आत्ताच माहीत हाय का?"

खाली येऊन शटर अर्धं वर केलं. फळ्यावर पहिल्या ओळीत तारीख लिहिली, दुसरीत वेळ. तिसरी कोरी सोडली.